रिकाम्या जागांचे पैसे: 2020 च्या साथीत न्यूयॉर्कने पाळणाघरं कशी उघडी ठेवली

15 मार्च 2020, रविवार. न्यूयॉर्कचे महापौर बिल डी ब्लासिओ यांनी त्या संध्याकाळी जाहीर केलं की शहरातल्या सरकारी शाळा उद्यापासून बंद. शहरात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडून जेमतेम दोन आठवडे झाले होते. आधीचे कित्येक दिवस पालक आणि शिक्षक शाळा बंद करा म्हणून मागे लागले होते आणि महापौर ऐकत नव्हते. त्यांच्यावर तेव्हा सडकून टीका झाली, नंतरही झाली. उशीर झाला हे मलाही मान्य आहे. पण ते ज्या कारणांसाठी अडून बसले होते, ती कारणं खोटी नव्हती. या शाळांमध्ये सुमारे 11 लाख मुलं. त्यातल्या कितीतरी मुलांचं सकाळ-दुपारचं खाणं शाळेतच. आणि रुग्णालयातल्या नर्स, रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी, पोलीस, अग्निशामक दल, भुयारी रेल्वे चालवणारे लोक, या सगळ्यांची मुलंही त्याच वर्गांमध्ये. शाळेला कुलूप लागलं की त्यांच्यातलं कुणीतरी घरी बसणार, आणि तेही नेमकं शहराला त्यांची सगळ्यात जास्त गरज असताना.

शाळा-पाळणाघरं बंद करायची की चालू ठेवायची, या वादात बहुतेक लोक फक्त एका बाजूचं मरण मोजतात. मुलं एकत्र आली तर संसर्ग किती वाढेल, एवढंच. दुसऱ्या बाजूचा हिशेब मांडला तो जूड बेहॅम आणि एली फेनिचेल या दोन संशोधकांनी. त्यांचा लेख एप्रिल 2020 मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात आला. अमेरिकेतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी 28.8 टक्के लोकांच्या घरी 3 ते 12 वर्षांची, सांभाळावी लागणारी मुलं होती. घरातलं नोकरी न करणारं मोठं माणूस किंवा 13 वर्षांवरचं भावंड सांभाळेल असं धरलं, तरी 15 टक्के कर्मचाऱ्यांपुढचा प्रश्न सुटत नव्हता. मग त्यांनी विचारलं, की रुग्णालयातले 15 टक्के हात कमी झाल्यामुळे बाधितांमधला मृत्युदर 2 वरून 2.35 टक्के झाला तर? म्हणजे दहा हजार बाधितांमागे 200 च्या जागी 235 मृत्यू. तेवढी वाढ झाली, तरी शाळा बंद करून जितके जीव वाचतील त्याहून जास्त जातील, असं त्यांचं गणित निघालं.

हे गणित गृहीतकांवर उभं आहे, आणि ते तसं असल्याचं त्यांनी लपवलेलं नाही. पण 0.35 टक्के म्हणजे किती थोडं! अतिदक्षता विभागात एका नर्सकडे दोनऐवजी तीन रुग्ण आले की काय होतं, हे तिथे काम केलेल्या कुणालाही विचारा. शिवाय हिशेब 3 ते 12 वर्षांच्याच मुलांचा होता. तीन वर्षांखालची, अंगावरची, रांगणारी, ज्यांना एक मिनिटही एकटं ठेवता येत नाही अशी मुलं त्यात धरलेलीच नाहीत. पाळणाघराची खरी गरज त्यांनाच असते.

एका आठवड्यात

शाळा 16 मार्चला बंद झाल्या. 23 मार्चला, सोमवारी, घरबसल्या शिक्षण सुरू झालं आणि त्याच दिवशी शहराच्या शिक्षण विभागाने आपली आपत्कालीन केंद्रं उघडली. त्यांचं नाव रीजनल एनरिचमेंट सेंटर. सुरुवातीला 93 ठिकाणी, बहुतेक शाळांच्याच इमारतींत. प्रवेश कुणाला? आरोग्य कर्मचारी, पहिल्या फळीतले मदत कर्मचारी आणि रेल्वे-बस चालवणारे, यांच्या मुलांना. पुढे ही यादी वाढत गेली. पैसे लागत नव्हते आणि खाणं तिथेच मिळत होतं. काम करायला शिक्षक आणि इतर कर्मचारी स्वेच्छेने पुढे आले, त्यांना जादा मानधन होतं. एका खोलीत साधारण डझनभरच मुलं. मुलं आपापल्या शाळेचे धडे तिथे बसून संगणकावर करत.

ते दिवस आठवून पाहा. एप्रिलच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये दिवसाला 700 वर माणसं मरत होती. संध्याकाळी सातला लोक खिडक्यांमधून आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी टाळ्या वाजवत. त्या टाळ्यांमागे भावना होती, मी ती कमी लेखत नाही. पण नर्सला सातच्या टाळ्यांपेक्षा सकाळी सातला मुलाला घेणारं एक उघडं दार जास्त लागत होतं, आणि ते दार शहराने एका आठवड्यात उघडून दिलं. सरकारी यंत्रणेने इतक्या वेगात इतकं मोठं काम उभं केलं याचं मला आजही कौतुक वाटतं.

आता यातली अडचण. शहराने सुमारे 57,000 मुलांची तयारी केली होती. जूनमध्ये शिक्षण विभागाने आकडा दिला तेव्हा 170 ठिकाणी मिळून 10,000 हून थोडी जास्त मुलं सांभाळली गेली होती. म्हणजे टेबल-खुर्च्या मांडून ठेवल्या आणि मुलं फार थोडी आली. याचा अर्थ गरज नव्हती असा काढणारे तेव्हाही होते. मला तो अर्थ पटत नाही.

आई रुग्णालयात करोना कक्षात काम करते. तिच्या अंगावरून विषाणू घरी येईल ही भीती तिला रोजच आहे. त्यात मूल अनोळखी इमारतीत, अनोळखी माणसांच्या हाती, आणि खोलीतली बाकीची सगळी मुलंही तिच्यासारख्याच, सर्वांत जास्त धोक्यातल्या लोकांची. केंद्रं दिवसा चालायची, संध्याकाळी सहाच्या सुमारास बंद व्हायची. रुग्णालयातली बारा तासांची पाळी सात ते सात असते. सहाला कुलूप लागणारं केंद्र सातला सुटणाऱ्या नर्सच्या उपयोगाचं किती? आणि रात्रपाळीवाल्यांचं काय? सोय उभी करताना ती कुठे आहे, किती जागांची आहे हे पाहिलं गेलं. ज्याच्यासाठी आहे त्याची पाळी कधी सुटते, हे तितकं पाहिलं गेलं नाही.

अमेरिकेतच हे एकदा बरोबर जमलं होतं. दुसऱ्या महायुद्धात पोर्टलंडच्या कैसर जहाजबांधणी कारखान्यांनी नोव्हेंबर 1943 मध्ये दोन बालकेंद्रं उघडली. तीही कारखान्याच्या दारातच. आया वेल्डिंगच्या कामावर जाताना मूल ठेवायच्या आणि सुटताना घेऊन जायच्या. केंद्र पाळीप्रमाणे चालायचं, रात्रीही. किरकोळ आजारी मुलांसाठी वेगळी खोली आणि नर्स होती. दमलेल्या आईला घरी न्यायला शिजवलेलं जेवणही मिळायचं. दोन वर्षांहून कमी काळात तिथे 3,811 मुलं राहून गेली. आणि हा खर्च कारखान्याने जहाजं बांधण्याच्या खर्चात धरला, म्हणजे शेवटी तो सरकारने भरला. मूल सांभाळणं हा जहाज बांधण्याचाच एक भाग आहे, असं तेव्हा कागदावर मान्य झालं होतं. युद्ध संपलं आणि 1945 मध्ये केंद्रं बंद झाली.

खोलीच्या आत

साथीत पाळणाघर चालवणं म्हणजे काय, हे नियमावलीच्या भाषेतून कळत नाही. म्हणून एक सकाळ जरा जवळून पाहू.

पालक दाराच्या आत येत नाहीत. यायच्या वेळा वाटून दिलेल्या, कारण सगळे एकदम आले की दाराशीच गर्दी. दारात कर्मचारी, ताप मोजायचं यंत्र हातात. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त भरला की मूल परत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, सांगितलं होतं की शक्यतो रोज एकाच माणसाने सोडावं-न्यावं आणि ते काम आजी-आजोबांवर टाकू नये. ज्यांच्या घरी तेच एक मोकळं माणूस, त्यांना ही सूचना किती जड गेली असेल!

दोन वर्षांखालच्या मुलाला मास्क लावायचा नाही, गुदमरण्याची भीती. म्हणजे खोलीतलं सगळ्यात लहान, सगळ्यात जास्त उचलून घ्यावं लागणारं मूल मास्कशिवाय. त्याच्यापासून सहा फूट लांब राहणं म्हणजे त्याला सांभाळणं सोडून देणं. सीडीसीने हे मान्य केलं आणि त्यावर जो उपाय सांगितला, तो मला या सगळ्या कागदपत्रांमधला सर्वांत माणुसकीचा परिच्छेद वाटतो. सांभाळणाऱ्या बाईने कपड्यांवरून एक मोठा, पूर्ण बाह्यांचा, बटणांचा शर्ट घालावा. केस वर बांधावेत. बाळ रडलं, त्याची लाळ किंवा शेंबूड मानेला लागला तर मान धुवावी, शर्टाला लागला तर शर्ट बदलावा, बाळाचेही कपडे बदलावेत. बाळाचे आणि तिचे जादा जोड पाळणाघरात ठेवावेत. बाळाला उचलू नका असं कुठेही म्हटलेलं नाही. उचला, आणि मग धुवा.

तोंडात घातलेलं खेळणं लगेच बाजूला, साबणाच्या पाण्याच्या टबात. टबही मुलांच्या हाताला लागेल असा ठेवायचा नाही, कारण त्यात बुडण्याचा धोका. झोपायच्या गाद्या सहा फूट अंतराने, आणि एकाचं डोकं तर शेजारच्याचे पाय. धुता येत नाहीत अशी मऊ खेळणी कपाटात. एका गटाची खेळणी धुतल्याशिवाय दुसऱ्या गटाकडे जात नाहीत. हे दिवसभर, रोज, आणि हे करणारी माणसं तासाला अकरा-बारा डॉलरवर. 2019 मध्ये अमेरिकेतल्या बालसंगोपन कर्मचाऱ्याचं मध्यम वेतन तासाला 11.65 डॉलर होतं.

या सगळ्यातला एक नियम मात्र बाकीच्यांहून मोठा ठरला. गट लहान ठेवायचा आणि तो बदलायचा नाही. तीच मुलं, तीच माणसं, तीच खोली. आज एका गटात कुणी बाधित निघालं तर तेवढाच गट घरी जातो, बाकीचं पाळणाघर चालू राहतं.

काय निष्पन्न झालं

जून 2020 मध्ये न्यूयॉर्कच्या शिक्षण विभागाने सांगितलं की त्यांच्या केंद्रांमध्ये उद्रेक झाल्याची नोंद नाही. वायएमसीए या संस्थेने टाळेबंदीच्या काळात देशभरात 1,100 ठिकाणी 1 ते 14 वर्षांची 40,000 पर्यंत मुलं सांभाळली, आणि तिचंही म्हणणं तेच. एखाद-दुसरा बाधित निघाला, पण एकाच ठिकाणी साखळी लागल्याची नोंद नाही. ब्राउन विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञ एमिली ऑस्टर यांनी पाळणाघरांकडून माहिती गोळा केली. 916 केंद्रं, 20,000 वर मुलं. बाधित कर्मचारी 1 टक्क्याहून किंचित जास्त, बाधित मुलं 0.16 टक्के. पाहणी शास्त्रशुद्ध नमुन्यावर नव्हती, ज्यांना सांगावंसं वाटलं त्यांनी सांगितलं. हे लक्षात ठेवूनच तो आकडा घ्यावा.

जास्त वजनदार काम येल विद्यापीठाच्या वॉल्टर गिलियम आणि सहकाऱ्यांचं. त्यांनी अमेरिकेतल्या 57,335 बालसंगोपन कर्मचाऱ्यांना विचारलं. साधारण निम्म्यांची पाळणाघरं बंद पडली होती, निम्म्यांची चालू होती. साथीच्या पहिल्या तीन महिन्यांत, उघड्या पाळणाघरात काम करणाऱ्यांना घरी बसलेल्यांपेक्षा कोविड जास्त झाला का? नाही. पाळणाघरात जाणं आणि कोविड होणं यात संबंध सापडला नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये हा अभ्यास पीडियाट्रिक्स या बालरोगविषयक नियतकालिकात आला आणि बातम्यांमध्ये त्याचं "पाळणाघरं सुरक्षित आहेत" असं झालं.

अभ्यास तेवढं म्हणत नव्हता. उघडी राहिलेली पाळणाघरं लहान गटांत, कडक हात धुण्या-पुसण्यात चालत होती. आजूबाजूच्या वस्तीत संसर्ग आटोक्यात असेल तरच हे लागू, असं लेखकांनी बजावलं होतं. मोजला गेला तो कर्मचाऱ्यांना झालेला आजार. मुलाने तो घरी नेला का, हा प्रश्न या अभ्यासाच्या बाहेरचा होता.

त्याचं उत्तर अमेरिकेतल्याच यूटा राज्यामधून आलं, आणि ते सुखाचं नव्हतं. सॉल्ट लेक परगण्यातल्या तीन पाळणाघरांचा एप्रिल ते 10 जुलै 2020 या काळात माग काढला गेला. तिथे 12 मुलांना पाळणाघरात संसर्ग झाला. त्यांच्या पाळणाघराबाहेरच्या 46 निकटवर्तीयांपैकी किमान 12 जणांना, म्हणजे चारातल्या एकाला, तो त्यांच्याकडून लागला. आठ महिन्यांच्या एका बाळाकडून आई-वडील दोघांना लागला. एका मुलाच्या आईला रुग्णालयात दाखल करावं लागलं. काही मुलांना तर लक्षणंही नव्हती. आता ही आई जर स्वतः नर्स असेल तर? पाळणाघर उघडं ठेवलं ते ती कामावर जावी म्हणून, आणि त्याच पाळणाघरामुळे ती दोन-तीन आठवडे कामातून गेली. "मुलं पसरवत नाहीत" असं 2020 मध्ये ज्यांनी ठामपणे सांगितलं, त्यांनी या कुटुंबांचा विचार करायला हवा होता. त्या तीनपैकी दोन पाळणाघरांत आजार आला तो अशा कर्मचाऱ्यांकडून, ज्यांच्या घरी आधीच कुणीतरी बाधित होतं.

टेक्सासने जूनच्या मध्यात पाळणाघरांचे साथकाळातले खास नियम मागे घेतले आणि रुग्ण वाढायला लागल्यावर थोड्याच दिवसांत परत लावले. जुलैच्या सुरुवातीला तिथल्या 883 पाळणाघरांमध्ये 1,335 बाधित होते. 894 कर्मचारी आणि 441 मुलं. यातले सगळे पाळणाघरातच बाधित झाले असं नाही, राज्यातच लाट होती. पण तीन बाधितांमागे दोन कर्मचारी हे प्रमाण डोळ्यांत भरतं. चर्चा सगळी मुलांची आणि पालकांची, आजारी पडत होत्या त्या सांभाळणाऱ्या.

मला या सगळ्यात सर्वांत शिकण्यासारखं वाटतं ते ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतलं छोटं राज्य. तिथे पाळणाघरं बंद होती, ती 1 जून 2020 ला नियम घालून उघडली. एका गटात कर्मचारी धरून जास्तीत जास्त 12 माणसं, महिनाअखेरीस ती मर्यादा 20 केली. गटांची अदलाबदल नाही. मोठ्यांना मास्क, रोज लक्षणांची विचारपूस. 891 पैकी 666 पाळणाघरं उघडली. दोन महिन्यांत 52 बाधित निघाले, 30 मुलं आणि 22 मोठी माणसं. त्यातले बहुतेक जुलैच्या उत्तरार्धात, म्हणजे राज्यातच रुग्ण वाढले तेव्हा. आणि पाळणाघराच्या आत एकाकडून दुसऱ्याकडे संसर्ग गेला तो 666 पैकी फक्त 4 ठिकाणी. या निकालाचीही किंमत होती. 853 मुलं आणि कर्मचारी विलगीकरणात गेले, म्हणजे तितक्या घरांत कुणीतरी पुन्हा सुट्टी मागितली.

त्या चार ठिकाणी काय झालं? सर्वांत मोठ्या साखळीत 10 जण होते. पाच मुलं, चार कर्मचारी, एक पालक. तिथल्या शिक्षिका एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जात होत्या.

फिरती ताई आणि तिचा पगार

पाळणाघराबाहेरच्या माणसाला हे निष्काळजीपण वाटेल. ते तसं नाही. कुठल्याही पाळणाघरात एक फिरती कर्मचारी असते, तिला फ्लोटर म्हणतात. एका खोलीतली बाई जेवायला गेली की ती तिथे, दुसरीतली स्वच्छतागृहात गेली की ती तिथे. एक माणूस चार-पाच खोल्यांची सुट्टी भागवतो. तसंच, सकाळी लवकर येणारी आणि संध्याकाळी उशिरा जाणारी मुलं थोडी असतात, म्हणून त्या वेळात सगळ्या खोल्यांमधली मुलं एका खोलीत एकत्र बसवतात. या दोन गोष्टींवर पाळणाघराचा जमाखर्च उभा असतो. त्या आळसातून येत नाहीत, काटकसरीतून येतात.

आणि स्थिर गटाचा नियम नेमक्या याच दोन गोष्टींवर घाव घालतो. फिरती बाई बंद केली तर प्रत्येक खोलीला आणखी एक माणूस लागतो. सकाळ-संध्याकाळ एकत्र बसवणं बंद केलं, तर सकाळी साडेसहाला दोन मुलांसाठी एक खोली आणि संध्याकाळी सातला एका मुलासाठी दुसरी. आता पाहा, सकाळी साडेसहाला येणारं आणि संध्याकाळी सातपर्यंत थांबणारं मूल कुणाचं? नर्सचं, बसचालकाचं, पोलिसाचं. ज्यांच्यासाठी पाळणाघर उघडं ठेवायचं, त्यांचीच मुलं सुरक्षितपणे सांभाळणं सर्वांत महाग. हे मला कुठल्याही सरकारी आराखड्यात इतक्या स्पष्टपणे लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून इथे लिहितो.

उदाहरणासाठी साधा हिशेब धरा. वीस मुलांच्या खोलीत बाराच ठेवायची. आठ मुलांची फी गेली. भाडं तेच, वीज तीच, पगार तेच, वर साबण, हातमोजे, थर्मामीटर आणि सुट्टी भागवायला जादा माणूस. सेंटर फॉर अमेरिकन प्रोग्रेस या धोरण-अभ्यास संस्थेने 2020 च्या सप्टेंबरमध्ये काढलेल्या अंदाजात, साथीचे नियम पाळून केंद्र चालवण्याचा खर्च सरासरी 47 टक्क्यांनी वाढत होता. हा खर्च पालकांकडून घ्यायचा, तर ते पालक म्हणजे रुग्णालयातले सफाई कामगार आणि दुकानातले कॅशियर. कर्मचाऱ्यांच्या पगारातून काढायचा, तर तो आधीच तासाला 11.65 डॉलर. म्हणून बरीच पाळणाघरं बंदच पडली. फेब्रुवारी ते एप्रिल 2020 या दोन महिन्यांत या क्षेत्रातल्या सुमारे एक तृतीयांश नोकऱ्या गेल्या.

न्यूयॉर्क शहराची केंद्रं टिकली कारण ती या हिशेबाच्या बाहेर होती. इमारत शहराची, पगार शहराचा, जेवण शहराचं. सत्तावन्न हजारांच्या तयारीत दहा हजार मुलं आली तरी केंद्र बुडालं नाही. ज्या रिकाम्या खुर्च्यांवरून टीका झाली, त्या रिकाम्या होत्या म्हणूनच खोल्यांमध्ये अंतर राहिलं, गट लहान राहिले. पण तान्ह्या मुलांना जी खासगी आणि घरगुती पाळणाघरं सांभाळत होती, त्यांच्यामागे अशी तिजोरी नव्हती. मार्च 2020 च्या केअर्स कायद्यात, म्हणजे केंद्र सरकारच्या साथ-मदतीच्या कायद्यात, संपूर्ण देशाच्या बालसंगोपनासाठी 3.5 अब्ज डॉलर होते. त्यातून न्यूयॉर्क राज्याने एप्रिलमध्ये 3 कोटी डॉलर बाजूला काढले आणि कमी उत्पन्नाच्या अत्यावश्यक कर्मचाऱ्यांची पाळणाघराची फी भरायला दिले. चांगलं पाऊल होतं, पण यात पैसा आलेल्या मुलाबरोबर येतो. न आलेल्या मुलाच्या रिकाम्या जागेचं काय, हा प्रश्न तसाच राहिला.

ऑस्ट्रेलियाने उलट रस्ता धरला. 6 एप्रिल ते 12 जुलै 2020 या काळात तिथे पाळणाघर पालकांना मोफत होतं. सरकारने पाळणाघरांना साथीआधीच्या पंधरवड्यातल्या फीच्या निम्मे पैसे दिले, मुलं कितीही येवोत. दारं उघडी राहिली. पण मुलं परत यायला लागली तशी त्याच निम्म्या पैशांत पूर्ण काम करायची वेळ आली, आणि काही पाळणाघरांना नव्या मुलांना नाही म्हणावं लागलं. तरी माझं मत विचाराल तर मी हाच रस्ता निवडेन, फक्त रक्कम निम्म्याच्या वर ठेवून. साथीत पाळणाघराला पैसे द्यायचे ते तयार ठेवलेल्या जागेचे द्यावेत. अग्निशामक दलाला आपण विझवलेल्या आगींच्या संख्येवर पगार देत नाही.

अमेरिकेत मोठा पैसा आला, पण उशिरा. डिसेंबर 2020 मध्ये 10 अब्ज, आणि मार्च 2021 च्या कायद्यात 39 अब्ज डॉलर. त्यातले 24 अब्ज थेट पाळणाघरं तगवण्यासाठी होते. भाडं, पगार, साबण, कशालाही वापरा. 2020 च्या एप्रिलमध्ये ज्यांनी कुलूप लावलं, त्यांच्यातल्या अनेकांसाठी तोवर वेळ निघून गेली होती.

लशीच्या रांगेतही तेच. डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने शिक्षकांबरोबर पाळणाघर कर्मचाऱ्यांनाही आघाडीच्या अत्यावश्यक कामगारांत धरलं. प्रत्यक्ष याद्या राज्यांनी केल्या, आणि काही राज्यांत शाळेच्या शिक्षकांचं नाव लागलं, पाळणाघरातल्या बाईचं राहून गेलं. शाळा तेव्हा कित्येक ठिकाणी पडद्यावर चालत होत्या, ती मात्र मास्क नसलेलं बाळ कडेवर घेऊन उभी होती. 2 मार्च 2021 ला राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी शिक्षकांबरोबर बालसंगोपन कर्मचाऱ्यांनाही लशीत प्राधान्य द्या असा आदेश काढला. न्यूयॉर्कमधली आपत्कालीन केंद्रं उघडली त्याला तेव्हा वर्ष व्हायला तीन आठवडे बाकी होते.